मकराणा की ट्रॅव्हर्टाईन? आधी लिंबू पिळून बघा

वाचक विचारतात : आम्ही रत्नागिरीजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर बांधतोय. प्लास्टर उरकलं आणि आता फरशीवर घोडं अडलंय. यजमानांना मकराण्याचा पांढरा संगमरवर हवाय. मुलगा मध्यंतरी रोमला जाऊन आला, तेव्हापासून त्याने ‘ट्रॅव्हर्टाईनच’ असा धोशा लावलाय. हॉल, देवघर, स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि पुढची पडवी, एवढं काम आहे. सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, काठी घेऊन चालतात. दुकानदार म्हणतो, दोन्ही दगड नॅचरल आहेत, एकदा बसवले की पन्नास वर्षं बघायला नको. यातलं खरं काय?
– सौ. मी. प., रत्नागिरी

ताई,

दुकानदाराचं अर्धं वाक्य खरं आहे. दोन्ही दगड नैसर्गिक आहेत. ‘बघायला नको’ हे मात्र विकणाऱ्याचं म्हणणं; घरात फरशी पुसणारं माणूस असं कधी म्हणणार नाही.

तुमच्या घरातला वाद मिटवायला एक उपाय सुचवते. दुकानातून दोन्ही दगडांचे हातभर तुकडे मागून आणा, पॉलिश केलेले. कटिंगमधले तुकडे कुणीही देतं. दोन्हींवर अर्धं लिंबू पिळा आणि पंधरा मिनिटांनी पुसा. मकराण्यावरही डाग उठेल आणि ट्रॅव्हर्टाईनवरही. तिरप्या उजेडात धरलंत, तर चमक गेलेली, जरा खरखरीत अशी जागा दिसेल. हा डाग साबणाने निघत नाही, कारण तिथे काही लागलेलं नाही. तिथला दगडच खाल्ला गेलाय. दोघांचं मूळ द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला चुना ज्या दगडापासून भाजतात तेच. आंबट काहीही लागलं की ते विरघळतं. लिंबू, चिंच, ताक, व्हिनेगर, आणि तुमच्याकडे तर कोकमाचं आगळ. संडास धुण्याच्या ज्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते तर या दोन्ही दगडांचं शत्रूच. तेव्हा ‘कुठला दगड आंबटाला टिकतो’ हा प्रश्न दोघांच्या बाबतीत निकालात निघाला.

कठीणपणातही दोघं एकाच पायरीवर. खनिजांचा कठीणपणा मोजायची जी दहा आकड्यांची मोह्स मोजपट्टी आहे, तिच्यावर कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं या दगडांतलं खनिज, ३ वर आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. समुद्रावरून आलेल्या चपलांना चिकटलेली वाळू रोज फरशीवर घासली जाणार. गुळगुळीत पॉलिश असेल, तर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत वर्ष-दोन वर्षांत एक निस्तेज पट्टा उमटतो. म्हणून दगड कुठलाही घ्या, आरशासारखं पॉलिश करू नका, हे आधीच सांगून ठेवते. होन्ड म्हणजे मंद, बिनचकाकीचं फिनिश घ्या. सासूबाईंसाठी तर ते हवंच. पावसाळ्यात ओल्या पायांनी आत येताना पॉलिशच्या फरशीवर काठीचं रबरसुद्धा घसरतं.

आता फरक कुठे, ते बघू.

संगमरवर म्हणजे जमिनीत खोल गाडला गेलेला चुनखडक. वरच्या थरांचा दाब आणि आतली उष्णता यांनी त्याचे सगळे कण नव्याने स्फटिक होऊन एकमेकांत घट्ट अडकले, मधल्या फटी मिटल्या. तुटलेल्या कडेवर जी साखरेसारखी चमक दिसते, ती त्या स्फटिकांची. राजस्थानातल्या मकराण्याचा दगड यात वरच्या दर्जाचा. ताजमहाल त्याचा, कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलही त्याचंच. यजमानांची आवड चुकीची नाही.

ट्रॅव्हर्टाईनची गोष्ट निराळी. चुनखडकातून आलेलं, चुना विरघळलेलं पाणी झऱ्यातून बाहेर पडतं, बहुतेक वेळा गरम. बाहेर आलं की त्यातला कार्बन डाय-ऑक्साइड उडून जातो आणि चुना पापुद्र्यापापुद्र्याने खाली बसतो. शेवाळ, गवत, पानं यांच्यावरही बसतो. वायूचे बुडबुडे निघून जातात, पानं-काड्या कुजून जातात आणि दगडात पोकळ्या राहतात, आंबोळीला जाळी पडते तशा. तुर्कस्तानात पामुक्कलेचे पांढरे टप्पे आहेत, ते म्हणजे हा दगड तयार होताना दिसतो ती जागा. रोमजवळच्या तिवोलीच्या खाणी याच दगडाच्या. (कोकणात उन्हवरे, राजवाडी इथे गरम पाण्याचे झरे आहेत, मग आपल्याकडे हा दगड का नाही, असं मुलगा विचारेल. आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे, चुनखडक नाही. पाण्यात एवढा चुना येणार कुठून?)

म्हणजे एक दगड दाबाखाली घट्ट झालेला आणि दुसरा उघड्यावर साठत गेलेला. घरातला सगळा फरक यातून निघतो. बांधकामाच्या दगडांसाठी अमेरिकेत जी मानकं वापरतात, त्यांत संगमरवराने वजनाच्या फार तर ०.२० टक्के पाणी शोषावं अशी मर्यादा आहे, ट्रॅव्हर्टाईनला २.५ टक्क्यांपर्यंत मुभा. घनता संगमरवराची घनमीटरला किमान २५९५ किलो, ट्रॅव्हर्टाईनची २३०५. या मर्यादा आहेत, प्रत्येक लादी एवढं पाणी पितेच असं नाही. पण दगडाचा स्वभाव त्यातून कळतो.

मुलगा म्हणेल, रोममध्ये हाच दगड दोन हजार वर्षं पावसात उभा आहे. बरोबर आहे. कलोसियम इसवी सन ८०च्या सुमाराला खुलं झालं, त्याची बाहेरची भिंत आणि मुख्य खांब ट्रॅव्हर्टाईनचे. सेंट पीटरच्या चौकाला बेर्निनी या शिल्पकाराने १६५६ ते १६६७ या काळात जी खांबांची रांग घातली, तीही याच दगडाची. पण ते ठोकळे आहेत, हातभर, दोन हात जाडीचे, वरच्या वजनाने दाबून बसलेले. तुम्हाला जी लादी मिळणार ती दीड ते दोन सेंटिमीटर जाड, भोकं पुट्टीने बुजवलेली. रोममध्ये वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा तुमच्याकडे जुलैचा एक महिना सहज पाडतो. मुलाच्या फोटोंमध्ये कलोसियमच्या भिंतीला मोठमोठी भोकं दिसत असतील, तर तीही या दगडाची जाळी नव्हे. ठोकळे एकमेकांना धरून ठेवायला रोमनांनी लोखंडी आकडे घातले होते. मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी भिंती पोखरून ते काढून नेले, त्या खुणा आहेत.

फरशीसाठी ट्रॅव्हर्टाईन घेतलं, तर खरी कटकट फिलिंगची. कारखान्यात वरची भोकं सिमेंट किंवा रेझिनने भरून, घासून देतात. नवी लादी छान सपाट दिसते. पण जी पोकळी पृष्ठभागाच्या अगदी खाली असते आणि तिच्यावर दगडाचा पापुद्रा तेवढा असतो, ती कारखान्यात दिसत नाही. तिच्यावर खुर्चीचा पाय आला, पोळपाट पडला, शिडी टेकली, की पापुद्रा फुटून नवं भोक उघडतं. जुनं फिलिंगही कुठे कुठे निसटतं. त्यात केरसुणीने न निघणारी माती बसते आणि मग मुंग्या. भोकं परत भरता येतात, ते काही अवघड काम नाही. पण रंग जुळवून भरणारा कारागीर तुमच्या गावात आहे का? मुंबईहून पॉलिशवाला बोलवावा लागणार असेल, तर दरवेळचा प्रवासखर्च दगडाच्या किमतीतच धरा. रेझिनचं फिलिंग उन्हाच्या तिरिपीत हळूहळू पिवळं पडतं, तेव्हा मोठ्या खिडकीखाली तर ते नकोच.

असं असलं तरी ट्रॅव्हर्टाईनला मी घराबाहेर काढणार नाही. हा दगड भिंतीवर फार देखणा दिसतो. लॉस एंजेलिसला १९९७ मध्ये उघडलेल्या गेटी सेंटर या कलासंग्रहालयाला रिचर्ड मायर या वास्तुरचनाकाराने तिवोलीचं सुमारे १६,००० टन ट्रॅव्हर्टाईन वापरलं. बरेचसे ठोकळे कापून गुळगुळीत न करता थराथरावर फोडले, भोकंही बुजवली नाहीत. काही दगडांत हजारो वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे निघाले आणि ते मुद्दाम लोकांना दिसतील असे लावले. भिंतीवर ना वाळू घासली जाते, ना लिंबू सांडतं, ना खुर्ची सरकते. या दगडाचा जो दोष तुम्हाला पायाखाली छळेल, तोच भिंतीवर त्याचं रूप आहे.

म्हणून माझं मत सरळ सांगते. हॉलमध्ये दारातून आत येताच समोर दिसणारी एक भिंत मुलाला द्या. ट्रॅव्हर्टाईन दोन तऱ्हांनी कापतात. थरांना आडवं छेदून कापलं की समांतर रेघांचे पट्टे दिसतात, त्याला दुकानात व्हेन-कट म्हणतात. थराला समांतर कापलं की ढगांसारखी नक्षी येते, ते क्रॉस-कट. भिंतीला व्हेन-कट घ्या, रेघा आडव्या ठेवा आणि वरून भिंतीलगत उजेड सोडा. भोकं बुजवू नका. फक्त त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम नको, आणि बाहेरून पावसाची झड बसणारी भिंतही नको.

हॉलची फरशी आणि देवघर यजमानांचं. तिथे मकराणा घाला, होन्ड. देवघरात मात्र थोडी शिस्त लागेल. समईचं तेल दगडात मुरतं आणि काळपट वर्तुळ राहतं, म्हणून समईखाली मोठी ताटली. पंचामृतात दही आहे, तेव्हा अभिषेक ताम्हनातच. चिंच लावून घासलेली तांब्या-पितळेची भांडी तशीच निथळायला देवघरात ठेवू नका. ओल्या तांब्याचा हिरवट डाग आणि चिंचेचा चट्टा, दोन्ही एकाच वेळी मिळतील. हळद सांडली तर लगेच कोरड्या फडक्याने उचला, ओल्याने पुसलंत तर ती पसरते. कुंकवाचंही तेच.

यजमानांनाही एक गोष्ट सांगा, म्हणजे संगमरवराला अमरपट्टा मिळालाय असं त्यांना वाटायला नको. शिकागोत १९७३ साली पूर्ण झालेल्या एका गगनचुंबी तेल-कंपनीच्या इमारतीला इटलीतल्या कारारा या गावचा संगमरवर बाहेरून लावला होता, सुमारे ४३,००० लाद्या. काही वर्षांत लाद्या चक्क वाकल्या, बाहेरच्या बाजूला फुगल्या. शेवटी १९९० ते १९९२ या काळात सगळ्या काढून ग्रॅनाइट लावावं लागलं. हेलसिंकीच्या फिनलंडिया हॉलवरही तोच दगड वाकला. कारण कॅल्साइटच्या स्फटिकातच आहे. तापला की तो एका दिशेने वाढतो आणि आडव्या दिशेने किंचित आकसतो. असे लाखो कण वेगवेगळ्या दिशांनी तोंडं करून बसलेले. ऊन-थंडीच्या फेऱ्यांत त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते, ओल असली तर अधिक लवकर. घरातल्या फरशीला ही भीती नाही. पण पश्चिमेच्या उन्हा-पावसाच्या बाहेरच्या भिंतीला पातळ संगमरवर लावायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर तो तिथेच थांबवा.

स्वयंपाकघरात दोन्ही नकोत. ओट्याला काळं ग्रॅनाइट, जमिनीला मॅट व्हिट्रिफाइड टाइल. तुमच्या घरी मासळी धुतली जाणार, आमसुलं भिजणार, लिंबं चिरली जाणार; तिथे पांढऱ्या फरशीची राखण करण्यात कुणाचं तरी आयुष्य जाईल, आणि ते कुणाचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कुणी कडप्पा किंवा कोटा सुचवेल. दोन्ही मजबूत, पण तेही चुनखडकच. आंबटाचे चट्टे त्यांवरही पडतात, फक्त काहीसे झाकले जातात. बाथरूमलाही टाइल. तिथे महिन्यातून कुणीतरी आम्लाची बाटली उघडणारच.

पडवीला जांभा किंवा खरखरीत ग्रॅनाइट, दुसरं काही नाही. परदेशात बागेत, पोहण्याच्या तलावाच्या काठाला ट्रॅव्हर्टाईन घालतात, दुकानदार तसे फोटो दाखवेल. तुमच्या पडवीत मात्र जूनमध्ये त्याच्या भोकांत पाणी साठेल आणि ऑगस्टपर्यंत शेवाळाची बाग होईल. शिवाय समुद्राचा वारा. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, ऊन पडलं की सुकतं, आणि आत मिठाचे स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब आणतात. वर्षानुवर्षं असं झालं की दगडाची भुकटी सुटते. जितकी छिद्रं जास्त, तितकी मिठाला जागा जास्त. जांभ्यालाही छिद्रं आहेत, पण तो तुमच्याच मातीतला, झिजला तर नवा चिरा मिळायला तालुका ओलांडावा लागत नाही.

आता मिठावरून आठवलं. बसवताना लोक दगडाकडे बघतात आणि खालच्या मालाकडे दुर्लक्ष करतात. फरशीखाली खाडीची वाळू वापरू देऊ नका, कितीही ‘धुतलेली आहे’ म्हणाले तरी. तिच्यातलं मीठ ओलीबरोबर वर चढतं आणि पांढऱ्या दगडाच्या सांध्यांतून फुलतं, मग कितीही पुसा. तळमजल्याला जमिनीतली ओल वर येणार नाही, याची सोय आधी झाली आहे ना, हे इंजिनीअरला विचारून घ्या. पांढऱ्या संगमरवराखाली पांढरं सिमेंट किंवा दगडासाठीचं पांढरं अ‍ॅडेसिव्हच हवं. राखाडी सिमेंटची छटा पातळ लादीतून वर दिसते. लाद्या एकमेकींना चिकटवून बसवायला मिस्त्री हौसेने तयार असतात, पण दोनेक मिलिमीटरची दर्ज, म्हणजे फट, सोडायला सांगा.

पॉलिशवाला बट्ट्यांचे, म्हणजे घासायच्या दगडांचे, नंबर चढवत नेतो. मंद फिनिश हवं असेल, तर साधारण ४०० नंबरला थांबायला सांगा आणि तो काम करत असताना तिथे उभ्या राहा. शेवटी चमक आणायला काहीजण ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर मारतात. ती नको म्हणून आधीच बजावून ठेवा, त्यांना सवयीने हात जातो. त्यानंतर सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावायचा द्रव. तो घाईने लावायचा नाही. फरशी पूर्ण वाळू द्या, नाहीतर खालची ओल आत कोंडते आणि ढगांसारखे डाग दिसत राहतात. आणि सीलरने काय होतं, हेही समजून घ्या. तेल-हळद मुरायला वेळ लागतो, तेवढी तुम्हाला पुसायला सवड मिळते. लिंबाचा चट्टा त्याने थांबत नाही. ‘सीलर मारलाय, आता काहीही सांडू दे’ असं जो म्हणेल, त्याला तुमचा लिंबू लावलेला तुकडा दाखवा. पाण्याचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटं ठेवा. खालचा दगड गडद दिसला की सीलर पुन्हा लावायची वेळ झाली. रोजच्या पुसण्याला साधं पाणी, फार तर थोडा आम्ल नसलेला सौम्य साबण. व्हिनेगरचे घरगुती नुस्खे या घरात बंद.

खरेदीला जाल तेव्हा दिवसा जा. दुकानात जो दगड चकाकी घेतो त्या सगळ्यालाच मार्बल म्हणतात. राजस्थानचा हिरवा मार्बल खरा सर्पेंटाइन हा वेगळाच दगड आहे, इटलीहून येणारं बोत्तिचीनो चुनखडक. तेव्हा बिलावर दगडाचं आणि खाणीच्या गावाचं नाव लिहून घ्या. ट्रॅव्हर्टाईनसारख्या दिसणाऱ्या टाइलही भरपूर आल्या आहेत. शंका आली तर कडेवर लिंबाचे दोन थेंब टाका, खऱ्या दगडावर बारीक बुडबुडे येतील. लादीवर पाणी ओतून सुकू द्या. अख्खा पृष्ठभाग सुकतो आणि चीर मात्र काळी रेघ होऊन मागे राहते. मागची बाजू उलटून बघा. आधाराला जाळीचं कापड चिकटवलेलं असेल तर दगड कमकुवत आहे असं लगेच धरू नका, पण जाळी का लागली हे विचारा, आणि त्या लादीला भाव कमी करा.

शेवटचं, एकाच लॉटमधल्या चार-सहा लाद्या जास्तीच्या घ्या. खाणीचा तोच थर पाच वर्षांनी मिळत नाही, आणि मिळाला तरी शेजारच्या जुन्या लादीशी त्याचा रंग जुळत नाही. त्या आडव्या रचू नका, मधेच तडकतात. लाकडी पट्ट्यांवर उभ्या, भिंतीला किंचित टेकवून ठेवा, आणि मागच्या बाजूला कुठल्या खोलीच्या आहेत ते पेन्सिलीने लिहा.